करार आणि कौल
अकोल्यात 1947 साली आणि पुढे 1953 साली नागपुरात पुढाऱ्यांनी विदर्भाच्या भवितव्याविषयीच्या करारांवर दस्तखत केले. 1955 मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने पृथक् विदर्भाची शिफारस केली, तरी रयतेला प्रत्यक्ष सवाल कोणीच केला नाही. गोमंतकात तो केला गेला, आणि महाराष्ट्रात विलीनीकरण मागणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला 1963 मध्ये सत्ता देणाऱ्या प्रांताने 16 जानेवारी 1967 रोजी 1,72,191 विरुद्ध 1,38,170 मतांनी विलीनीकरण नाकारून, त्याच वर्षी मार्चमध्ये त्याच पक्षाच्या भाऊसाहेब बांदोडकरांच्या हाती कारभार पुन्हा सोपविला. पंडितांना ही विसंगती वाटते; मला वाटत नाही, कारण भाटकार जमीनदारांच्या वर्चस्वाने गांजलेल्या बहुजनांना बांदोडकर हवे होते, त्यांचा नकाशा सर्वांनाच हवा होता असे नाही.