दाणा एक, चवी अनेक

परभणीच्या एखाद्या शाळेत मधल्या सुट्टीत डबे उघडले, की ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी हमखास दिसते. लसूण, तिखट, मीठ आणि भाजलेले दाणे. अमेरिकेतली मुलं याच दाण्यांचं 'पीनट बटर' पावाला लावतात आणि वर गोड जॅम घालतात. ते ऐकून आपली मुलं नाक मुरडतात. दाणा एकच, मग असं का?

भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पेरूमध्ये सिपान इथे १९८७ साली एका राजाची कबर सापडली. सुमारे सतराशे वर्षांपूर्वीच्या त्या कबरीत सोन्याचांदीच्या भुईमुगाच्या शेंगांची माळ होती. युरोपीय जहाजांतून हे पीक आफ्रिकेत आणि आशियात पसरलं. जिथे गेलं तिथल्या चुलीनं त्याला आपलंसं केलं. पश्चिम आफ्रिकेत दाणे वाटून रस्सा करतात, इंडोनेशियात भाजलेल्या मांसाबरोबर त्यांची तिखट-गोड चटणी असते. हैतीत तर पीनट बटरमध्येच मिरची घालतात. ते आपल्या मुलांना नक्की आवडेल.

मग अमेरिकेतलं गोडं लोणी आलं कुठून? भाजलेले दाणे दळून लगदा करण्याचं पेटंट १८८४ साली कॅनडातल्या मार्सेलस एडसन यांनी घेतलं. १८९०च्या दशकात डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी आपल्या आरोग्यधामातल्या रुग्णांसाठी, मांसाऐवजी, असाच पदार्थ वापरला. पुढे तो कारखान्यात गेला. पण बरणीत तेल वर येऊन तरंगे. १९२०च्या दशकात जोसेफ रोझफील्ड यांनी थोडं हायड्रोजनीकरण केलेलं, म्हणजे घट्ट केलेलं तेल वापरून ही अडचण दूर केली. बरणी महिनोन्‌महिने टिकू लागली. आपल्याकडे लोणी घरचंच होतं. दाण्याला काम मिळालं ते भाजीत घालायच्या कुटाचं आणि भाकरीच्या तोंडीलावण्याचं.

कूट, चटणी आणि हे लोणी यांत फरक किती? वर्गात करून पाहता येईल. वाटीभर दाणे भाजून सोला. बुरशी आलेले, काळपट दाणे आधी काढून टाका. त्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकतं. कुणाला दाण्याची अ‍ॅलर्जी नाही ना, तेही विचारून घ्या. आता खलबत्त्यात कुटा. आधी कोरडं, मोकळं कूट मिळेल. आणखी कुटलं की ते तेलकट होऊन गोळा धरू लागेल. हा चटणीचा टप्पा. कुटतच राहिलं (किंवा मिक्सरमध्ये फिरवलं) तर लगदा सैल होतो. दाण्याच्या वजनात जवळजवळ निम्मं तेल असतं. पेशी फुटतात तसं ते बाहेर येतं आणि शेवटी दाण्याचे बारीक कण तेलात तरंगू लागतात. ते झालं लोणी! पदार्थ तीन, पण खरा फरक कुटणं कुठे थांबवलं एवढाच.

आता पुन्हा डब्याकडे वळू. 'हे आपलं, ते परदेशी' असं मुलं सहज म्हणतात. त्यांना विचारा, भाकरीतली ज्वारी कुठली? 'परभणी मोती' हे वाण १९७२ साली स्थापन झालेल्या इथल्याच कृषी विद्यापीठाचं. पण ज्वारी हे पीक मूळचं आफ्रिकेतलं. शेंगदाणा आणि मिरची अमेरिका खंडांतली. लसूण मध्य आशियातला. उपासाच्या खिचडीतही बटाटा, मिरची, दाणे आणि आजचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका, सगळेच अमेरिका खंडांतले पाहुणे!

मग आपलं काय उरलं? दाणे खरपूस भाजणं, लसणाबरोबर कुटणं, नेमकं कुठे थांबायचं ते हाताला कळणं. हे कुठल्याच जहाजातून आलं नाही. जॅमच्या पावाला नाक मुरडण्याआधी मुलांना एकदा नकाशा काढून द्या. डब्यातला एकेक जिन्नस कुठून निघाला आणि परभणीला कसा पोचला, ते त्यांनाच बोटानं दाखवू द्या.