सेवाशुल्क (उलवे)

सेवाशुल्क (उलवे) : नियोजित वसाहतीतील रस्ते, गटारे, मलनिःसारण, दिवाबत्ती इत्यादी सामायिक सोयींच्या निर्वाहार्थ भूखंडधारकांकडून होणारी आकारणी. नवी मुंबईच्या उभारणीसाठी १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडको या शासकीय कंपनीने पनवेल तालुक्यात वसविलेले उलवे हे अशा आकारणीचे ठळक उदाहरण होय. कारण १ ऑक्टोबर २०१६ रोजी अस्तित्वात आलेल्या पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत ते समाविष्ट न झाल्याने, जमिनीचा भाडेपट्टा, ‘उन्नती’सारख्या गृहसंकुलांची बांधणी आणि नागरी सेवा ही सर्व कामे एकाच संस्थेच्या हाती एकवटली. तुलनेने पाहता, टोरांटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेजमध्ये १९७० सालीच उदयास आलेल्या व्यवसाय-सुधार क्षेत्राच्या पद्धतीत स्थानिक व्यापारी व मालमत्ताधारक जादा पट्टी भरतात आणि तिचा विनियोग त्यांचेच मंडळ ठरविते; अशा क्षेत्रात सार्वजनिक गृहनिर्माण प्राधिकरणही वर्गणीदार होऊ शकते. उलव्यात मात्र सिडकोच वसुली करते आणि खर्चही तीच करते. तळमजल्यावरील गाळेदार आणि वरच्या मजल्यावरील सदनिकाधारक या दोघांवरही शुल्काचा भार पडतो, परंतु पालिकाच नसल्याने त्यांचा नगरसेवक नाही. म्हणून जमाखर्चाचा जाहीर ताळेबंद आणि विनियोगात रहिवाशांचे मत, या दोन गोष्टी या व्यवस्थेस अत्यावश्यक आहेत.