वेताळाच्या पट्ट्याची कुळकथा

इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक मार्च १९६४ मध्ये मुंबईहून निघाला. प्रकाशक टाइम्स ऑफ इंडियावाले बेनेट कोलमन आणि अंकाचे नाव ‘द फँटम्स बेल्ट’. मराठी मुलांनी पुढे ज्याला ‘वेताळ’ म्हणून डोक्यावर घेतले, त्याचे भारतातले कॉमिक-आयुष्य असे कमरेच्या पट्ट्यापासून सुरू झाले. विसाव्या वेताळाचा घात करून मारेकरी त्याचा पिस्तुलांचा पट्टा पळवतो आणि एकविसावा वेताळ त्याच्या मागावर निघतो. बापाच्या खुनाइतकेच मोल पट्ट्यालाही असावे, असे अंकाच्या नावावरून वाटते.

वेताळ मूळचा अमेरिकेचा. ली फॉकने ही चित्रपट्टी १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वर्तमानपत्रात सुरू केली. पनवेलजवळच्या शिरढोणला ही तारीख वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. या गावात जन्मलेले वासुदेव बळवंत फडके १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात वारले. त्यांनी कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून पलायन केले होते. असला प्रसंग कॉमिकवाला बुरखाधाऱ्यासाठी राखून ठेवतो. फडक्यांनी तो घट्ट विजारीवाचून पार पाडला. त्यांच्या बंडाची सुरुवातही पट्ट्याहून साधी होती. आई आजारी असताना लष्करी हिशेबाच्या कचेरीने वेळेवर रजा दिली नाही.

वेताळाच्या विजारीचा रंग मात्र अपघाताने ठरला. फॉकच्या मनात करडा पोशाख होता, पण १९३९ मध्ये रविवारची रंगीत पट्टी निघाली तेव्हा छापखान्यातून वेताळ जांभळा होऊन बाहेर पडला. घनदाट हिरव्या जंगलात दबा धरून बसणाऱ्याने जांभळे कपडे घालावेत, यावर एकाही शत्रूने कधी शंका घेतली नाही. शहरात जाताना तो वरून लांब कोट, हॅट आणि काळा चष्मा चढवतो आणि आपल्याकडे कोणाचे लक्ष जाणार नाही, अशी त्याची ठाम समजूत असते. मग दारूच्या गुत्त्यात शिरून तो दूध मागवतो. गुंड हसतात, चार खुर्च्या मोडतात, एकाच्या जबड्यावर कवटीचा ठसा उमटतो. बरोबरच्या जनावराला कोणी कुत्रा म्हटले की तो लांडगा आहे, ही दुरुस्तीही ठरलेली.

भारतात आणताना संपादकांनी कात्री चालवली. मारेकऱ्याचे मूळ नाव होते राम! ते इथे छापणे म्हणजे भांडण विकत घेणे, म्हणून तो रामालू झाला. समुद्री चाच्यांची ‘सिंग’ टोळी ‘सिंगा’ झाली आणि बंगालची आठवण करून देणारा देश डेंकाली बनला. त्यामुळे कथा कुठे घडते हे कोणालाच सांगता येईना, पण कोणाच्या भावनाही दुखावेनात.

मराठी आवृत्तीत फँटमचा वेताळ झाला आणि पाहुणा थेट ग्रामदैवतांच्या पंगतीत जाऊन बसला. शिरढोणवरून जाणाऱ्या मुंबई-गोवा रस्त्याने खाली तळकोकणात उतरले की वेंगुर्ले तालुक्यात आरवली लागते. तिथला वेतोबा रात्री गावाची राखण करत हिंडतो, त्याची पायताणे झिजतात, अशी श्रद्धा आहे. भाविक त्याला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चपला वाहतात. फॉकचे चालतेबोलते भूतही पिढ्यान्पिढ्या जंगलाची राखण करत हिंडते, पण त्याला कोणी कधी जोडे वाहिल्याचे कोणत्याही अंकात दिसत नाही.

पहिले ३२ अंक एकट्या वेताळाचे होते. नंतर मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन वगैरे मंडळी आली. मासिक पाक्षिक झाले, मग साप्ताहिक. सुरुवातीच्या काळात टाइम्समध्येच असलेल्या अनंत पै यांनी पुढे वेगळी वाट धरून १९६७ मध्ये ‘अमर चित्र कथा’ काढली. १९७६ मध्ये आबिद सुरतींनी ‘बहादूर’ दिला. तो डाकूचा मुलगा, वेश केशरी कुर्ता आणि जीन्स. बुरखा नाही, जंगलातली गुहा नाही, आणि गावकऱ्यांचे संरक्षण दल उभारून तो डाकूंशी लढे. इंद्रजालचे आठशेहून अधिक अंक निघाले आणि १९९० मध्ये प्रकाशन थांबले.