डायनॅमो गेला, परीक्षा मात्र राहिली

१/ #थ्रेड
इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढावी. इंजिन बंद पडले तर डायनॅमो निकामी, चालू राहिले तर ठीक. मोटार दुरुस्तीच्या व्यवसायात या परीक्षेवर दीर्घकाळ विश्वास ठेवला गेला. १९६० नंतर मात्र याच परीक्षेने धडधाकट यंत्रे जळू लागली. या उलटापालटीशी मोटारीतील थंड हवेचाही संबंध आहे.

२/ १९१२ पूर्वी मोटार सुरू करायची म्हणजे पुढे उभे राहून लोखंडी हँडल फिरवावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडे. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेली विद्युत स्टार्टरची व्यवस्था आली. तिच्याबरोबर बॅटरी आणि ती चालताचालता भरणारा डायनॅमोही मोटारीत स्थिरावला.

३/ डायनॅमोत वीज फिरत्या वेटोळ्यांत निर्माण होते आणि कम्युटेटर व कार्बन ब्रशांमार्फत बाहेर येते. फार वेगाने फिरवल्यास ही वेटोळी उखडण्याचा धोका असे. म्हणून त्याचा वेग मर्यादित ठेवावा लागे. परिणामी इंजिन मंद चालत असताना डायनॅमो जवळजवळ काहीच वीज देत नसे.

४/ त्याच्या जोडीला रिलेंची एक पेटी असे. एक रिले बॅटरीची वीज डायनॅमोत उलट वाहू देत नसे, इतर रिले दाब व प्रवाह आवरत. ब्रश झिजलेले दिसत, रिलेचे काळवंडलेले संपर्क कानशीने घासता येत. दोष डोळ्यांना दिसणारा होता. मेकॅनिकचे सारे निदानशास्त्र या दृश्यतेवर उभे होते.

५/ थंड हवा मोटारीत आली ती पॅकार्डच्या १९४० च्या मॉडेलमधून. शीतक वेटोळे मागच्या आसनामागे होते, त्याने डिकीची बरीच जागा व्यापली होती. कॉम्प्रेसरला क्लचच नव्हता. यंत्रणा पूर्ण थांबवायची तर इंजिन बंद करून, बोनेट उघडून पट्टा काढावा लागे.

६/ १९५४ मध्ये नॅश कंपनीने ही सारी यंत्रणा मोटारीच्या पुढच्या भागात आणली आणि कॉम्प्रेसरला विद्युतचुंबकीय क्लच दिला. बटण दाबताच वेटोळ्यात वीज जाते, चुंबक पुढची तबकडी ओढून घेतो आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. थंड हवा आता बॅटरी आणि डायनॅमोच्या भरवशावर आली.

७/ अडचण सिग्नलपाशी होती. मोटार उभी, इंजिन मंद, पण पंखा पूर्ण वेगात, दिवे चालू, क्लच ओढलेला. वीज सर्वाधिक लागे नेमकी तेव्हाच डायनॅमो हात वर करी. १९५० च्या दशकात अमेरिकी मोटारी ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर गेल्या, तरी मंद गतीचा हा प्रश्न सुटला नाही.

८/ उत्तर अल्टरनेटरने दिले. त्यात वीज स्थिर वेटोळ्यांत निर्माण होते. फिरतो तो केवळ चुंबकीय भाग, त्यामुळे तो कितीतरी अधिक वेग सहन करतो. उलटसुलट प्रवाह एकदिश करण्यासाठी स्वस्त सिलिकॉन डायोड हवे होते, तेही याच सुमारास मिळू लागले. १९६० च्या व्हॅलियंटमध्ये क्रायस्लरने अल्टरनेटर सर्रास बसवला.

९/ आता त्या जुन्या परीक्षेकडे. बॅटरी ही विजेच्या दाबाला धरून ठेवणारी उशीही असते. भरणा चालू असताना तिची तार काढली की दाब क्षणार्धात उसळतो, कधी शंभर व्होल्टच्या घरात जातो. डायनॅमोचे तांबे आणि कार्बन हा धक्का पचवीत. डायोड मात्र तत्क्षणी मरतो आणि बाहेरून तसाच दिसतो.

१०/ दुसरी सवयही अशीच उलटली. डायनॅमो बसवल्यावर बॅटरीच्या विजेचा क्षणिक स्पर्श देऊन त्याची ध्रुवता ठरवीत. अनेक ब्रिटिश मोटारींत तर बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. अल्टरनेटरला असा स्पर्श नको असतो, आणि बॅटरी उलटी जोडली की डायोड जळतात.

११/ थंड हवेच्या दुरुस्तीतही हेच घडले. पुढे वायूचा दाब घटला की क्लचची वीज तोडणारा स्विच आला. क्लच ओढला जात नाही म्हणजे विद्युत दोष, असे समजून त्या स्विचला तारेने बगल दिली जाई. खरा दोष गळतीचा असे. वंगण वायूबरोबरच फिरते. वायू नाही तर वंगणही पोहोचत नाही, आणि कॉम्प्रेसर अडकून बसतो.

१२/ उलट प्रकारही आहे. भरणा कमी झाला की चुंबकाची ओढ घटते आणि क्लच घसरू लागतो. मालक तक्रार करतो गरम हवेची, दोष असतो अल्टरनेटरमध्ये किंवा सांगाड्याला जोडलेल्या गंजलेल्या तारेत.

१३/ योग्य साधन फार आधीच उपलब्ध होते. ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकाडी यांच्या कल्पनेतून १९२३ मध्ये ‘एव्हो’ मीटर आले, अँपिअर, व्होल्ट आणि ओहम तिन्ही मोजणारे. तार न काढता निदान त्यातून होते. विसावलेली, पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू झाल्यावर बहुधा १४ च्या आसपास. दिवे आणि थंड हवा लावताच आकडा १३ च्या खाली घसरत राहिला, तर भरणा अपुरा आहे.

१४/ जुन्या मेकॅनिकांना अडाणी ठरवणे अन्यायाचे होईल. त्यांची परीक्षा त्यांच्या यंत्रासाठी पुष्कळ अंशी उपयोगीच होती. नवे यंत्र मात्र त्याच जागी, तशाच पट्ट्यावर बसले आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवाही तोच राहिला. बदल वरून न दिसल्याने हाताची सवय बदलली नाही, आणि तिची किंमत कित्येक डायोडांनी आणि मोटारमालकांच्या खिशांनी मोजली.