रचा, पाडा, पुन्हा रचा: ठोकळ्यांचा इतिहास, व्हाया बुलढाणा

ज्यांना ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलण्याचा सूर तसाच ठेवलाय, फक्त मधले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" कमी केलेत.

आजचा विषय एका प्रश्नातून आला. आमच्या वयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आता लग्नपत्रिका कमी आणि बारशाचे फोटो जास्त येतात. त्यामागोमाग येतात लिंका. लाकडी ठोकळे, चुंबकी टाइल्स, एकावर एक रचायचे रंगीत लाकडी "दगड". किंमत दीड-दोन हजार, कधी पाच हजार. खाली प्रश्न ठरलेला: "घेऊ का? की दोन दिवसांत पडून राहील?"

आपला कार्यक्रम इतिहासाचा, त्यामुळं मी लगेच रिव्ह्यू देणार नाही. हा प्रश्न आपल्याआधी बऱ्याच हुशार माणसांना पडला होता. त्यांनी काय केलं ते आधी बघू, खरेदीचं शेवटी.

वावरातलं मेकॅनो

सुरुवात घरापासून, म्हणजे बुलढाण्यापासून. आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या आजोबांना विचारा, लहानपणी गाडी कशाची करायचे? बहुतेक उत्तर येईल: ज्वारीच्या धांड्याची. वाळलेला धांडा घ्यायचा, साल सोलायची. आतला गाभा हलका आणि मऊ, आजच्या थर्माकोलसारखा. साल मात्र चिवट. गाभ्याचे तुकडे म्हणजे दांड्या आणि चाकं. सालीच्या बारीक काड्या किंवा बाभळीचे काटे म्हणजे खिळे. एवढ्या सामानात बैलगाडी व्हायची, चष्मा व्हायचा, पाळणा व्हायचा. मोडलं तर रडायचं कारण नाही, कडब्यात दुसरा धांडा आहेच.

इंजिनिअर म्हणून मला यात एक मस्त डिझाइन दिसतं. दोनच प्रकारचे पार्ट, जोडायची एकच पद्धत, आणि त्यातून निघणाऱ्या वस्तूंना मर्यादा नाही. "ओपन-एंडेड" खेळणं म्हणतात ते हेच. जिगसॉ पझल एका चित्राशी येऊन संपतं. ठोकळ्यांना असं ठरलेलं शेवटचं चित्र नसतं, पोरगं ठरवेल ते.

तोल सांभाळायचा खेळ म्हणाल तर लगोरी. कुणी लिंगोरचा म्हणतं. सात चपटे दगड, मोठा खाली, लहान वर. चेंडू मारून पाडायचे आणि अंगावर चेंडू बसायच्या आत पुन्हा रचायचे. घाईत, पळता पळता, हाताला तोल शिकवणारा हा खेळ. काळा बेसाल्ट आपल्याकडं पायलीचे पन्नास, त्यामुळं सामानाचा खर्च शून्य.

आणि हेच काम मोठ्या माणसांनी केलेलं बघायचं असेल तर लोणारला जा. तिथलं दैत्यसूदन मंदिर लोक हेमाडपंती म्हणून ओळखतात. त्या पद्धतीच्या बांधकामात घडीव दगड खाचा करून एकमेकांत बसवतात आणि वजनावरच तोलतात. छताकडं मान वर करून पाहिलं की थर कसे पुढं पुढं सरकवत नेलेत ते कळतं. तीन वर्षांचं लेकरू वाटीवर वाटी ठेवतं तेव्हा त्याला याच नियमाशी झगडावं लागतं: वरच्याचा भार खालच्याच्या आत पडला पाहिजे.

आता धांड्याची गाडी कुठं गेली? आपण पटकन म्हणतो, मोबाईलनं मारली. पण तिच्या जाण्याला आणखी एक कारण आहे. जिल्ह्यात सोयाबीन आलं, ज्वारी मागं पडली. सोयाबीनच्या काडाची गाडी होत नाही. पीक बदललं आणि त्यासोबत पोट्ट्यांचा फुकटचा कच्चा माल गेला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

जर्मनीतली लाकडी पेटी

आता जरा लांब जाऊ. आज दुकानात मिळणारे ठोकळे "शिक्षणाचं साधन" कधी झाले? ते श्रेय बरंचसं फ्रेडरिक फ्रोबेल या जर्मन माणसाचं. त्यानं १८३७ मध्ये ब्लँकेनबुर्ग गावात लहान मुलांसाठी काम सुरू केलं आणि १८४० मध्ये त्याला नाव दिलं "किंडरगार्टन", मुलांची बाग. त्याआधी तो बर्लिनमध्ये स्फटिकांच्या संग्रहालयात काम करत होता. साध्या आकारांतून गुंतागुंतीचे आकार कसे उभे राहतात हे त्यानं दगडांत पाहिलेलं.

त्याची खेळणी "देणग्या" म्हणून ओळखली जातात. तिसरी देणगी म्हणजे दोन इंची लाकडी घन, आठ लहान घनांत कापलेला. पेटी उलटी ठेवायची, झाकण सरकवायचं, पेटी उचलायची, की समोर अख्खा घन उभा. मग मोडा, रचा, खुर्ची करा, पूल करा. खेळ संपला की पुन्हा घन करून पेटीत. आवरणं हा खेळाचाच शेवटचा भाग होता, वरून दिलेली शिक्षा नव्हती.

१८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारनं किंडरगार्टनवर बंदी घातली. संशय काय, तर यातून नास्तिक आणि समाजवादी विचार पसरतात! पुढच्याच वर्षी फ्रोबेल गेला. बंदी उठली १८६० मध्ये.

अमेरिकेत कॅरोलाइन प्रॅट नावाच्या शिक्षिकेनं १९१०च्या दशकात ठोकळ्यांचं गणित पक्कं केलं. तिचा मूळ ठोकळा साधारण १४ बाय ७ बाय साडेतीन सेंटिमीटर. जाडी, रुंदी, लांबी यांचं प्रमाण १:२:४. बाकीचे आकार त्याचीच दुप्पट किंवा निम्मे. त्यामुळं दोन अर्धे मिळून बरोबर एक होतो आणि भिंत वाकडी जात नाही. तिनं पेटंट घेतलं नाही. आमच्या भाषेत, डिझाइन ओपन सोर्स राहिलं. म्हणूनच आज जगात कुणीही सुतार ते बनवू शकतो.

ताराबाईंचा हिशेब

आपल्याकडं हा विचार आला तो मुख्यतः मारिया मॉन्टेसरींच्या वाटेनं. त्यांचं पहिलं बालगृह रोममधल्या गरीब वस्तीत, १९०७ मध्ये सुरू झालं. त्यांचा गुलाबी मनोरा तुम्ही कुठल्यातरी नर्सरीत पाहिला असेल: दहा घन, सगळ्यात लहान १ सेंटिमीटरचा, सगळ्यात मोठा १०चा. इथं चूक मुलाला स्वतःलाच दिसते. पण त्यासाठी माप अचूक लागतं, आणि अचूक माप म्हणजे पैसे.

गुजरातमध्ये भावनगरला गिजुभाई बधेका हे प्रयोग करत होते. त्यांना येऊन मिळाल्या ताराबाई मोडक. जन्म मुंबईचा, १८९२चा. लग्नानंतर काही वर्षं त्या अमरावतीत होत्या, म्हणजे आपल्या वऱ्हाडात. संसार टिकला नाही. १९२१ मध्ये घटस्फोट घेऊन, लहान मुलीला सोबत घेऊन त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. १९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाईंनी नूतन बाल शिक्षण संघ काढला. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं.

इथं थांबल्या असत्या तरी नाव झालं असतं. पण त्यांना दिसत होतं की हे सगळं शहरातल्या शिकलेल्या घरांपुरतं चाललंय. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या बोर्डीला गेल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. तिथं अनुताई वाघ त्यांच्यासोबत काम करू लागल्या. पुढं १९५७ मध्ये दोघी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये जाऊन राहिल्या.

प्रश्न सरळ होता. मजुराच्या पोराला महागडी साधनं कुठून द्यायची? आणि देणगीतून आणली, तरी ती मोडली की पुढं काय? त्यांनी उत्तर आजूबाजूला शोधलं. शिंपले, बिया, गोटे, पानं, काड्या. मोजायचं, लावायचं, लहान-मोठं ओळखायचं, रचायचं, सगळं यातूनच. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळा त्यांच्या वाडीत, अंगणात नेली. गुरं चारायला जाणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा केली. "अंगणवाडी" हा शब्द आज सरकारी कागदावर दिसतो, त्यामागं हे अंगण आहे.

मला यातली मोठी गोष्ट वाटते ती अशी. सामान बदललं, पण मूळ तत्त्व सोडलं नाही. मुलाच्या हातात वस्तू द्यायची आणि आपण मागं व्हायचं. गोटा हरवला तर हरवला, नदी आहे की!

काडेपेटी आणि व्हॉल्व्ह ट्यूब

हीच वाट पुढं एका इंजिनिअरनं धरली. अरविंद गुप्ता, आयआयटी कानपूर, १९७५ची बॅच. पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी. १९७८ मध्ये त्यांनी रजा घेतली आणि ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथं त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या यांचं मेकॅनो बनवलं. रबराचा तुकडा म्हणजे सांधा, काडी म्हणजे दांडा.

घरी करून बघा. गूल काढलेल्या चार काड्यांचा चौकोन करा आणि बोटानं ढकला. तिरका होतो. तीन काड्यांचा त्रिकोण ढकला, हलत नाही. चौकोनात एक आडवी तिरकी काडी टाका, तोही घट्ट. आता गावाबाहेरचा मोबाईल टॉवर बघा, वरपासून खालपर्यंत त्रिकोणच त्रिकोण. हे मला बीटेकच्या पहिल्या वर्षाला फळ्यावर शिकवलं होतं. काडीनं ते दुसरीतल्या पोराच्या बोटाला कळतं.

पुढं गुप्ता पुण्यात आयुकाच्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात बरीच वर्षं होते. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं, मराठीसुद्धा, नेटवर फुकट आहेत. खेळणं मोडून आत काय आहे ते बघणं हा मुलाचा हक्क, असं ते सतत सांगत आलेत.

कपाटाची किल्ली

आता आजच्या काळात या. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी "जादुई पिटारा" आला. खेळणी, कोडी, बाहुल्या असलेली पेटी. म्हणजे धोरणाच्या पातळीवर खेळण्याला मान मिळालाय.

पण एक दृश्य तुम्हीही पाहिलं असेल. ठोकळ्यांचा कोरा करकरीत डबा कपाटाच्या वरच्या फळीवर, प्लास्टिक न फाडलेला. का? कारण तो रजिस्टरवर चढलेला असतो. मोडला, हरवला तर उत्तर सेविकाताईंना द्यायचं. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, हिशेबाची पद्धतच तशी आहे. खर्चात "मोडतोड" असा रकाना आधीच ठेवला तर कपाट उघडेल.

आणि हे फक्त अंगणवाडीत होत नाही. पाच हजारांचा सेट घेतलेले आई-बाबा पण "हळू! रंग जाईल!" म्हणत शेजारी बसतात. जे खेळणं मोडायची मोठ्यांना भीती वाटते, ते मुलाचं होत नाही. धांडा आणि गोटा इथं जिंकायचे.

मग घ्यायचं काय, जपायचं कसं?

आकार थोडे आणि तुकडे जास्त असलेला सेट घ्या. बारा प्रकारचे बारा तुकडे असतील तर एकदाच घर होतं. एकाच मापाचे चाळीस असतील तर भिंत, पूल, रस्ता, सगळं होतं.

गावातला सुतार हा चांगला पर्याय. सागवानाचे उरलेले तुकडे घ्या, प्रॅटचं माप सांगा: १४, ७, साडेतीन. माप काटेकोर ठेवायला सांगा. एका ठोकळ्यात १ मिलिमीटर फरक पडला तर दहाव्या मजल्यावर १ सेंटिमीटर होतो. कडा गोल करून घ्या, पॉलिश पेपर फिरवा, ऑइलपेंट नको. चावायचं वय असेल तर लाकूड कोरंच बरं.

दुकानातून घेत असाल तर आयएसआय मार्क बघा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना तो सक्तीचा आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला घशात जाईल असा तुकडा देऊ नका. गोटे आणि बियांनाही हाच नियम. चुंबकी खेळण्यात सगळ्यात जास्त काळजी घ्या. टाइल फुटून चुंबक बाहेर आला तर ती लगेच काढून टाका. दोन चुंबक पोटात गेले तर आतडं मध्ये चिमटतं. गिळल्याचा संशय आला तरी थेट दवाखाना गाठा.

लाकूड भिजत घालू नका. ओल्या फडक्यानं पुसा आणि सावलीत वाळवा. आपल्या मे महिन्यातल्या उन्हात ठेवलं तर तडकेल. प्लास्टिक साबणाच्या पाण्यानं धुवा. कुसळ निघालं तर पॉलिश पेपर मारा, तडा गेला तर तो तुकडा बाद. ठेवायला झाकण नसलेली टोपली, मुलाच्या हाताला येईल अशी, जमिनीवर. आवरायची वेळ फ्रोबेलसारखी खेळातच आणा.

आणि मोठ्यांसाठी एक होमवर्क. चार सारखे ठोकळे एकावर एक ठेवा. सगळ्यात वरचा निम्मा बाहेर, दुसरा पाव, तिसरा एक षष्ठांश, चौथा टेबलाच्या कडेपासून एक अष्टमांश बाहेर. हिशेबानं वरचा ठोकळा टेबलाच्या पूर्ण बाहेर लटकतो. पडेल, पुन्हा लावा. कडेला अगदी टेकलेला असतो, म्हणून प्रत्येक अंतर केसभर कमी ठेवा. जमलं की लोणारच्या छताकडं वेगळ्या नजरेनं बघाल.

जाता जाता एकच काम सांगतो. ज्वारी निघाली की कुणाच्यातरी वावरातून दोन-चार धांडे मागून आणा. घरातल्या किंवा शेजारच्या आजोबांच्या हातात द्या, फोनचा कॅमेरा चालू करा आणि गाडी करायला सांगा. ती कला त्यांच्या बोटांत आहे. रेकॉर्ड झाल्यावर गाडी पोराला द्या. मोडली तर मोडू द्या, दुसरी त्यालाच करू द्या.

भेटू पुढच्या भागात.