सोळा ऑगस्ट : कोलकात्याच्या डर्बीतली सोळा माणसं

आजचा एपिसोड फुटबॉलवर आहे. तुमच्यातले कितीतरी जण रात्री जागून लिव्हरपूल-मँचेस्टर युनायटेड बघतात, एल क्लासिकोच्या दिवशी व्हॉट्सअॅप ग्रुप पेटवतात, हे मला माहितीये. हेझेल म्हटलं की १९८५ साल आणि ३९ मृत्यू, हिल्सबरो म्हटलं की १९८९ साल आणि ९७ मृत्यू, हेही तुमच्यापैकी अनेकांना पाठ असेल. त्यावर डॉक्युमेंटरी आहेत, रील्स आहेत.

पण १६ ऑगस्ट १९८०? कोलकाता, ईडन गार्डन्स? हेझेलच्या पाच वर्षं आधी, आपल्याच देशात, एका फुटबॉल मॅचला गेलेली सोळा माणसं घरी परत आली नाहीत. आज त्या मॅचबद्दल बोलू. आणि त्यानिमित्तानं, दोन क्लबांची खुन्नस माणसाकडून काय काय करून घेते, त्याबद्दलही.

आधी हे दोन क्लब कोण, ते सांगतो.

मोहन बागान १८८९ चा. या क्लबचं नाव देशभर झालं ते २९ जुलै १९११ ला. त्या दिवशी आयएफए शील्डच्या फायनलमध्ये त्यांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या टीमला २-१ नं हरवलं. टीममधला एक सोडला तर बाकी सगळे अनवाणी! फाळणीच्या कितीतरी आधीची ही गोष्ट, तेव्हा ईस्ट बंगाल क्लब जन्मालाही आला नव्हता. त्यामुळे तो विजय सगळ्या बंगालचा होता.

ईस्ट बंगालचा जन्म मात्र थेट भांडणातूनच झाला. जुलै १९२० मध्ये जोडाबागान नावाच्या क्लबची मोहन बागानशी मॅच होती. जोडाबागाननं शैलेश बोस या आपल्या खेळाडूला टीममधून वगळलं. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी विचारणा केली, पण धड उत्तर मिळेना. बोस पूर्व बंगालचे, चौधुरीही पूर्व बंगालचे. त्यांनी काय ओळखायचं ते ओळखलं, क्लब सोडला आणि १ ऑगस्ट १९२० ला नवा क्लब काढला. नाव काय ठेवलं? ईस्ट बंगाल. जिथून आलो म्हणून डावललं गेलो, तेच नाव छातीवर.

मला यातला पुढचा भाग जास्त मजेशीर वाटतो. काही वर्षांत ईस्ट बंगाल पहिल्या डिव्हिजनमध्ये जायला पात्र ठरला, पण नियम होता की पहिल्या डिव्हिजनमध्ये दोनच भारतीय टीम असणार. तो नियम बदलायचा प्रश्न आला तेव्हा गोरे क्लब तयार झाले आणि विरोध केला तो आधीपासून आत असलेल्या दोन भारतीय क्लबांनी, म्हणजे मोहन बागान आणि आर्यननं. लोकलच्या डब्यात आधी चढलेला माणूस दारातल्याला ‘पुढची गाडी पकड’ सांगतो ना, तसंच हे. शेवटी नियम गेला, ईस्ट बंगाल आत आला आणि २८ मे १९२५ ला लीगमधली या दोघांची पहिली मॅच झाली. ईस्ट बंगालनं ती १-० नं जिंकली.

मग १९४७ आलं. फाळणी झाली आणि पूर्व बंगालमधून लाखो माणसं घरदार, जमीनजुमला सोडून कोलकात्यात आली. स्टेशनवर राहिली, छावण्यांत राहिली, मोकळ्या जागांवर वसाहती उभ्या करून राहिली. गाव तर परत मिळणार नव्हतं. पण त्या गावाच्या नावाचा एक क्लब या शहरात होता, तो मैदानात उतरायचा आणि कधीकधी मोहन बागानला, म्हणजे या शहराच्या जुन्या मालकांना, हरवायचासुद्धा! त्या माणसाला तो ९० मिनिटांचा खेळ काय वाटत असेल, विचार करा.

इथले मूळचे ते ‘घोटी’, पलीकडून आलेले ते ‘बांगाल’. घोटी म्हणजे मोहन बागान, हिरवा-मरून रंग, आणि जिंकल्यावर घरी चिंगडी, म्हणजे आपली कोळंबी. बांगाल म्हणजे ईस्ट बंगाल, लाल-सोनेरी रंग, आणि जिंकल्यावर इलिश मासा. डर्बीच्या संध्याकाळी बाजारात कुठला मासा महागला त्यावरून निकाल कळतो, असं तिकडे गमतीनं म्हणतात. आपल्याकडे हे कोल्हापूरकरांना वेगळं समजावून सांगायला नको. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल... तालीम कुठली यावरून जिथे टीम ठरते आणि शाहू स्टेडियमवर पेठा समोरासमोर बसतात, तिथल्या माणसाला घोटी-बांगाल लगेच कळतं.

सत्तरच्या दशकात हे वैर फार चढलं. १९७५ च्या शील्ड फायनलमध्ये ईस्ट बंगालनं मोहन बागानला ५-० नं हरवलं. डर्बीत पाच गोल! त्या रात्री मोहन बागानचे काही खेळाडू आपल्याच फॅन्सच्या भीतीनं गंगेत होडीवर राहिले, असा किस्सा सांगतात. तो हसतखेळत सांगितला जातो. पण त्याच पराभवानंतर मोहन बागानच्या एका तरुण फॅननं आपला जीव दिला, हेही त्या मॅचच्या इतिहासात आहे, आणि तिथे हसू थांबतं. पाच वर्षांनी जे झालं त्याची सूचना तिथेच मिळाली होती, असं मला वाटतं. फक्त ती घ्यायची कुणी?

आता १९८०. ईस्ट बंगालचे बरेच मोठे खेळाडू त्या मोसमात क्लब सोडून मोहमेडन स्पोर्टिंगकडे गेले होते. त्यामुळे टीम नव्यानं बांधलेली, आणि त्यात इराणचे मजीद बिस्कर आणि जमशीद नासिरी आलेले. अलीगढला शिकायला आलेली ही पोरं कोलकात्यात हिरो झाली होती. त्याच वर्षी फेडरेशन कपच्या फायनलमध्ये दोन्ही क्लब भिडले, निकाल लागला नाही, कप दोघांत वाटून दिला. म्हणजे हिशेब अर्धवटच राहिलेला.

१६ ऑगस्टला लीगची मॅच. जागा ईडन गार्डन्स. सॉल्ट लेकचं मोठं स्टेडियम तेव्हा व्हायचं होतं, त्यामुळे क्रिकेटचं मैदानच फुटबॉलला वापरायचे. आणि आता नीट ऐका, कारण माझ्या मते सगळी गोष्ट इथेच आहे. गॅलरीत दोन्ही क्लबांचे फॅन्स मिसळून बसले होते. एकाच स्टँडमध्ये, वरच्या आणि खालच्या मजल्यावर, शेजारी शेजारी. मध्ये जाळी नाही, रिकामी रांग नाही. पंचावन्न वर्षांचं वैर एका बाकावर आणून बसवलं होतं.

मैदानावर दोघांची जुंपली. मोहन बागानचा वेगवान विंगर बिदेश बोस आणि त्याला अडवणारा ईस्ट बंगालचा दिलीप पालित. आधी आडदांड टॅकल, मग त्याला उत्तर, आणि रेफरी सुधीन चटर्जींनी कार्ड काढलं. असं भांडण कुठल्याही डर्बीत होतं. खेळाडू बाहेर जातो, शिव्या देतो, दोन मॅचची बंदी भोगतो, संपलं.

त्या दिवशी ते गॅलरीत गेलं. हाणामारी सुरू झाली, दगडविटा उडाल्या, माणसं जीव वाचवायला पळाली. पण पळणार कुठे? वाटा अरुंद, मागून लोंढा. चेंगराचेंगरीत माणसं पडली, त्यांच्यावर माणसं पडली, काही वरच्या मजल्यावरून खाली कोसळली. सोळा जण गेले. बहुतेक तरुण, म्हणजे आत्ता कानात इयरफोन घालून हे ऐकणाऱ्या तुमच्याच वयाचे. त्यात घोटी किती आणि बांगाल किती, हा हिशेब मी कधी शोधलेला नाही. शोधणारही नाही.

नंतर बोटं दाखवणं सुरू झालं. कुणी म्हणालं पालितमुळे, कुणी म्हणालं बिदेशमुळे, कुणी रेफरीला धरलं. आणि सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे, ‘हे फॅन्सच वेडे’. दोन खेळाडूंच्या नावावर ही घटना कायमची चिकटली, हे मला अन्यायाचं वाटतं. खिलाडूवृत्ती सोडली का त्यांनी? सोडली, त्या क्षणापुरती. पण मैदानावरच्या एका फाउलमुळे सोळा माणसं मरत नाहीत. माणसं मरतात ती बसायची सोय कशी केली, दारं किती ठेवली, पोलीस कुठे उभे केले त्यामुळे. हिल्सबरोलाही आधी फॅन्सवरच ढकललं होतं. तिथल्या घरच्यांनी सत्तावीस वर्षं लढून, ‘चूक आमच्या माणसांची नव्हती’, हे २०१६ मध्ये ज्युरीकडून वदवून घेतलं. ईडनच्या सोळा जणांच्या वाट्याला असं काही आलं नाही. त्यांच्या वाट्याला १६ ऑगस्टचं रक्तदान शिबिर आलं. तो दिवस ‘फुटबॉलप्रेमी दिन’ म्हणून पाळतात, आयएफए दरवर्षी रक्तदान घेते. हे चांगलंच आहे. २०२१ मध्ये राज्य सरकारनंही तोच दिवस ‘खेला होबे दिवस’ म्हणून साजरा करायला सुरुवात केली. निवडणुकीची घोषणा आणि शोकाचा दिवस एकाच तारखेला, हे मला काही पटत नाही.

सॉल्ट लेक स्टेडियम १९८४ मध्ये सुरू झालं. १९९७ च्या जुलैमध्ये फेडरेशन कपच्या सेमीफायनलला तिथे १ लाख ३१ हजार माणसं आली. ईस्ट बंगालनं ४-१ नं मॅच मारली, बायचुंग भुतियाची हॅट्ट्रिक. तेव्हा या दोन क्लबांसाठी एवढा समुदाय जमला आणि लक्षात राहिले ते गोल.

म्हणून सगळं शिकून झालं होतं का? नाही. ९ डिसेंबर २०१२, आय-लीगची डर्बी, सॉल्ट लेक. हाफटाइमच्या जरा आधी हरमनज्योत खाबरानं ईस्ट बंगालसाठी गोल केला. मोहन बागानचा कॅप्टन ओडाफा रेफरीशी हुज्जत घालायला गेला आणि लाल कार्ड घेऊन बसला. गॅलरी खवळली, आणि एक दगड येऊन लागला मोहन बागानच्या रहीम नबीला. गालाचं हाड मोडलं, ऑपरेशन करावं लागलं. गंमत बघा, गंमत कसली म्हणा, हा नबी आदली कित्येक वर्षं ईस्ट बंगालच्याच जर्सीत खेळलेला. दोन्ही गॅलऱ्यांनी कधी ना कधी त्याच्या नावानं आरोळ्या ठोकलेल्या. त्या दगडाला हे कुठलं माहिती.

मॅच थांबली, पुन्हा सुरू झाली, हाफटाइम झाला. आणि मोहन बागाननं दुसऱ्या हाफला उतरायलाच नकार दिला. आमच्या खेळाडूंच्या जिवाला धोका आहे, असं त्यांचं म्हणणं. फेडरेशननं चौकशी केली आणि क्लबवर दोन वर्षांहून जास्त बंदी घातली. जानेवारीत ती मागे घेतली, त्याऐवजी २ कोटींचा दंड आणि तोवर मिळवलेले सगळे पॉइंट शून्य.

यावर आजही वाद होतात आणि मी दोन्ही बाजू ऐकल्यात. मला विचाराल तर नबी रक्तबंबाळ झाला त्या मिनिटाला टीम बाहेर काढली असती, तर मी मोहन बागानच्या बाजूनं उभा राहिलो असतो. १९८० पाहिलेल्या शहरात दगड पडल्यावर खेळ थांबवायचा हक्क कुणालाही आहे. पण हाफटाइमपर्यंत खेळायचं, एक गोल मागे आणि एक माणूस कमी असा हिशेब समोर आल्यावर भीती सांगायची, याला लोक पळ काढणं म्हणणारच. खरा धोका होता, तरी मागे वाचलेल्या पराभवाचा वास राहिला.

आता शेवटची तारीख, १८ ऑगस्ट २०२४. तुमच्यातल्या बहुतेकांना ती आठवत असेल, कारण त्याआधी नऊ दिवस कोलकात्याच्या आरजी कर हॉस्पिटलमध्ये एका तरुण डॉक्टरवर बलात्कार होऊन तिचा खून झाला होता आणि सगळं शहर रस्त्यावर होतं. १८ तारखेला ड्युरंड कपची डर्बी होती. फॅन्स गॅलरीत निषेधाचे बॅनर लावणार, हे उघड होतं. आदल्या दिवशी मॅच रद्द झाली. कारण दिलं बंदोबस्ताचं : पुरेसे पोलीस देता येत नाहीत. दोन्ही टीमना एकेक पॉइंट वाटून टाकला.

मॅच नव्हती, तरी माणसं आली. सॉल्ट लेकच्या बाहेर, जमावबंदी असताना, पावसात. हिरवे-मरून जर्सीवाले आले, लाल-सोनेरीवाले आले, मोहमेडनचे काळे-पांढरेही आले. दोन गॅलऱ्यांचा एकच सूर, आरजी करला न्याय, अशा अर्थाची घोषणा बंगालीत यमक जुळवून देत होते. मोहन बागानचा कॅप्टन शुभाशिष बोसही तिथे पोचला. मॅचला द्यायला पोलीस नव्हते म्हणाले होते, ते इथे भरपूर होते. लाठ्या चालल्या, पोरांना उचलून गाड्यांत भरलं. तेव्हा एक फोटो फिरला, तुम्ही पाहिला असेल : ईस्ट बंगालच्या जर्सीतला पोरगा मोहन बागानच्या जर्सीतल्या पोराच्या खांद्यावर बसून घोषणा देतोय.

ईडनला हेच दोन रंग मिसळून बसवले होते आणि सोळा जण गेले. इथे हेच दोन रंग आपणहून मिसळले.

दोन महिन्यांनी, १९ ऑक्टोबरला, आयएसएलमध्ये डर्बी झाली. मोहन बागाननं २-० नं जिंकली. त्या रात्री घोट्यांच्या घरी चिंगडी शिजली असणार, आणि स्टेडियममध्ये दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या आयाबहिणींचा यथेच्छ उद्धार झाला असणार. मधल्या स्टँडचं अंतर सोडून, अर्थात.