जर्मनचा गंज

आमच्या धनजच्या घरात भांड्यांनाही मानपान होता. वरच्या फळीवर तांब्या-पितळेची मंडळी; खाली चुलीजवळ, काजळी खात बसलेले जर्मनचे गंज. पितळेला कल्हईवाल्याचे लाड लागत, जर्मन बिचारं मुकाट्याने राबे. आंबट तेवढं त्याला सोसत नसे. आजी म्हणायची, "जर्मन हाय बाप्पा, याले कोन विचारते!"

जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, हे मला शाळेत कळलं. तोवर लढाई हरल्यावर जर्मनांनी घरातली भांडी विकायला काढली असावीत, अशी माझी समजूत होती. खरं 'जर्मन सिल्व्हर' म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल यांचं मिश्रण; त्यात ना चांदी, ना ॲल्युमिनियम. पांढरं दिसेल ते जर्मन, असाच हिशेब झाला असावा. पण गंमत बघा, गाव अगदीच चुकलं नव्हतं. १८२५ मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेडने हा धातू प्रथम अशुद्ध रूपात वेगळा केला आणि १८२७ मध्ये त्याची भुकटी काढली ती व्होलर नावाच्या जर्मनानेच!

पृथ्वीच्या कवचात ॲल्युमिनियम सुमारे ८ टक्के. आमच्या काळ्या रानातही ते आहेच. पण मातीत ते प्राणवायूला असं बिलगून बसतं की सुटता सुटत नाही. म्हणून त्याचा भाव तेव्हा सोन्याच्या पंक्तीचा. फ्रान्सचा तिसरा नेपोलियन खाशा पाहुण्यांना ॲल्युमिनियमचे काटेचमचे देई आणि बाकीच्यांना सोन्याचे, असं सांगतात. १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मारकावर कळस चढला तोही ॲल्युमिनियमचाच.

मग १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू, या दोघांनी एकमेकांचा पत्ता नसताना विजेच्या जोरावर ही मिठी सोडवली. दोघांचा जन्म १८६३ चा, मृत्यूही १९१४ चाच! त्यांनी धातू स्वस्त केला आणि बादशहाच्या मेजावरून तो आमच्या चुलीवर आला.

चुलीवरून गोठ्यातही गेला. तिथल्या कोनाड्यात सालदाराचा जर्मनचा कप असे. चहा त्यात वरून ओतायचा. प्यायल्यावर त्याने तो स्वतः धुवून पालथा घालायचा. नेपोलियनची गोष्ट ऐकून आलो त्या दिवशी मी धावत गोठ्यात गेलो आणि त्याला म्हटलं, "काका, तुमचा कप बादशाही आहे!"

त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. हसून म्हणाला, "मंग त्या बादशाले म्हणा, बापू, एकडाव धनजले ये अन् कप धुवून दे."

बादशहा काही येण्यासारखा नव्हता. मीच तो कप धुतला. आजीने नेमकं पाहिलं.

त्या रात्री माझा पितळी पेला फळीवरच राहिला आणि पाटापुढे जर्मनचं ताट आलं. घरातली सगळी पितळेत जेवली. नेपोलियनचा खासा पाहुणा तेवढा मी एकटाच!